के-जेट्रॉनिकचे इंजेक्टर घरी साफ करायचेत? आधी प्रेशर गेज लावा

जुनी स्पोर्ट्स गाडी आयडलला थरथरायला लागली, सकाळी स्टार्ट होताना कुरकुरायला लागली, किंवा गरम असताना पेट्रोल पंपावर बंद केली आणि परत चालूच होईना, की पहिलं नाव इंजेक्टरचं, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलचं निघतं. मग माणूस सहाच्या सहा इंजेक्टर उपटून काढतो, कार्ब क्लीनरचा अख्खा डबा त्यांच्यावर रिकामा करतो, परत बसवतो आणि गाडी आहे तशीच. कधीकधी आधीपेक्षा वाईट, कारण चाळीस वर्षं जुने कडक झालेले ओ-रिंग परत कोंबताना फाटलेले असतात आणि आता तिथून हवापण शिरतेय. माझं सरळ म्हणणं असं आहे की मोजल्याशिवाय इंजेक्टरला हात लावू नका, आणि साफ करायचेच असतील तर टाकी-फिल्टरपासून करा, नाहीतर महिनाभरात तीच घाण परत तिथेच जाऊन बसणार.

मी लिहितोय ते मुख्यतः पोर्शे ९११ एससीबद्दल, म्हणजे १९७८ ते १९८३ ची तीन लिटरवाली, तिच्यात बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन सिस्टिम असते. पण हीच सिस्टिम पहिल्या गोल्फ जीटीआयमध्ये आहे, ऑडी क्वात्रोत आहे, डीलोरियनमध्ये आहे, फेरारी ३०८ जीटीबीआयमध्ये आहे आणि बऱ्याच मर्सिडीजमध्येपण आहे, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी पद्धत तीच. त्याच्याही आधीच्या, १९६९ ते ७३ च्या ९११ ई आणि एसमधला प्लंजर पंपवाला प्रकार वेगळा, त्याबद्दल शेवटी थोडंसं.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या

या इंजेक्टरला वायर नसते. कॉइल नाही, कॉम्प्युटर नाही, काही नाही. आत एक स्प्रिंग, एक बारीक पिन आणि इनलेटला एक इवलीशी जाळी. लाइनमधलं प्रेशर साधारण साडेतीन बारच्या आसपास गेलं की तो आपोआप उघडतो आणि मग इंजिन चालू आहे तोवर सतत फवारत राहतो, इनटेक व्हॉल्व्ह उघडा असो की बंद. उघडल्यावर ती पिन सेकंदाला साधारण १५०० वेळा थरथरते आणि त्या थरथरण्यामुळेच पेट्रोलचं बारीक धुकं होतं.

पेट्रोल किती जायचं हे इंजेक्टर ठरवतच नाही. ते ठरतं फ्युएल डिस्ट्रिब्युटरमध्ये. आत येणारी हवा एक गोल प्लेट ढकलते, प्लेटचा दांडा कंट्रोल प्लंजर उचलतो, प्लंजर जितका वर जाईल तितक्या प्रत्येक सिलेंडरच्या ०.२ मिलिमीटर रुंदीच्या फटी उघडतात. प्लंजरच्या डोक्यावर कंट्रोल प्रेशर दाब देऊन त्याला फार उसळू देत नाही, इंजिन थंड असताना हा दाब कमी असतो म्हणून मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतं. झालं, इतकंच. त्यामुळे इंजेक्टर बिघडण्याचे प्रकार तीनच: धुक्याऐवजी धार मारणं, बंद असताना ठिबकणं, नाहीतर आतली जाळी चोंदून कमी पेट्रोल देणं.

यावरून निम्मं निदान बसल्या जागी होतं. एखाद-दुसरा सिलेंडर मिस करतोय, म्हणजे प्लग काढल्यावर एकच पांढरा पडलाय आणि बाकीचे ठीक, तर संशय इंजेक्टरवर घ्या. सहाही सिलेंडर सारखेच रडतायत तर सहाही इंजेक्टर एकाच दिवशी कसे बिघडतील? तिथे कंट्रोल प्रेशर किंवा चोरटी हवा, म्हणजे प्लेटला चुकवून आत शिरणारी हवा बघायची. गरम स्टार्टचा त्रास असेल तर इंजेक्टर ठिबकत असू शकतो, पण अॅक्युम्युलेटर (इंजिन बंद झाल्यावर लाइनमधलं प्रेशर धरून ठेवणारा डबा) गेला किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) गेला तरी हुबेहूब तसाच त्रास होतो.

सुरक्षेचं, आणि हे वाचून सोडून देऊ नका

पाच बारला पेट्रोल आहे. इंजिन बंद करून तासभर झाला तरी लाइनमध्ये प्रेशर असतं, कारण अॅक्युम्युलेटरचं कामच ते धरून ठेवण्याचं आहे. त्यामुळे कुठलाही जॉइंट उघडताना त्याच्याभोवती जाड कापड गुंडाळायचं, चष्मा घालायचा आणि नट अगदी हळू सैल करायचा. काम उघड्यावर किंवा शटर पूर्ण वर करून, इंजिन गार असताना. पिवळा हॅलोजन दिवा नको, एलईडी वापरा. हिवाळ्यात गॅरेजमध्ये हीटर चालू ठेवून हे काम करणारे लोक मी बघितलेत, त्यांना काय म्हणावं कळत नाही. अग्निशामक हाताशी हवा, गाडीच्या पलीकडे भिंतीला टांगलेला नको. इथे जर्मनीत तासावर लिफ्ट भाड्याने देणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करणार असाल तर पेट्रोल लाइन उघडायची परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या.

पहिलं काम: प्रेशर

के-जेट्रॉनिकचं गेज सेट वेगळं येतं, त्यात मध्ये एक कॉक असतो. ते फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन गरम होईल तसं कंट्रोल प्रेशर वाढवणारा) यांच्यामधल्या लाइनमध्ये लावायचं, कॉक रेग्युलेटरच्या बाजूला. कॉक बंद केला की गेजवर सिस्टिम प्रेशर दिसतं, ९११ एससीला हे ४.५ ते ५.२ बारच्या आत पाहिजे. कॉक उघडला की कंट्रोल प्रेशर दिसतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर हे साधारण साडेतीन बारच्या आगेमागे स्थिरावतं, आणि थंड असताना बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलतं, त्याचा ग्राफ वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, त्याच्याशी ताडून बघा. थंडचं रीडिंग घ्यायचं तर गाडी रात्रभर उभी पाहिजे, दुपारी फिरून आल्यावर तासाभराने घेतलेल्या थंड रीडिंगला काही अर्थ नाही.

मग इंजिन बंद करा आणि काट्याकडे बघत बसा. प्रेशर झटकन खाली येऊन इंजेक्टरच्या उघडण्याच्या प्रेशरच्या जरा खाली थांबलं पाहिजे, आणि तिथून पुढे वीसेक मिनिटं अगदी सावकाश उतरलं पाहिजे. दोन मिनिटांत शून्यावर आलं तर कुठूनतरी गळतंय. पण कुठून, हे गेज सांगत नाही. चेक व्हॉल्व्ह, अॅक्युम्युलेटर, डिस्ट्रिब्युटरमधला रेग्युलेटर किंवा इंजेक्टर, एकेक बाद करत जावं लागतं.

इथे प्रेशरच चुकीचं निघालं तर थांबा. आधी ते दुरुस्त करा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं आणि इंजेक्टर काढायची वेळच येत नाही.

दुसरं: चोरटी हवा

या सिस्टिमचं सगळं गणित प्लेटवरून गेलेल्या हवेवर चालतं. प्लेटला वळसा घालून कुठूनही हवा आत आली की तिच्या वाटचं पेट्रोल मिळत नाही आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं. ९११ ला एक फुकटची टेस्ट आहे, इंजिन आयडलला चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. क्रँककेस इनटेकला जोडलेली असते, त्यामुळे झाकण काढल्याबरोबर इंजिन अडखळलं पाहिजे किंवा बंदच पडलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर समजायचं की हवा आधीच दुसरीकडून भरपूर येतेय.

कुठून? इंजेक्टरचे ओ-रिंग, ते ज्यात बसतात त्या स्लीव्हचे सील, इनटेक रनरचे रबर बूट आणि एससीची ती प्लॅस्टिकची एअरबॉक्स. एअरबॉक्सबद्दल वेगळं सांगायलाच पाहिजे, थंड स्टार्टला बॅकफायर झाला की ही एअरबॉक्स तडकते, एससीवाल्यांची ही जुनी डोकेदुखी आहे, म्हणून लोक तिच्यात पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवतात, जो बॅकफायरला उघडून प्रेशर बाहेर सोडतो. तो व्हॉल्व्ह नीट चिकटवला नसेल तर तिथूनच हवा शिरते, म्हणजे औषधच आजार. लीक शोधायला स्मोक मशीन सगळ्यात चांगलं. चालू गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आयडल वाढतं का बघायची जुनी पद्धत आहे, पण खाली तापलेले एक्झॉस्ट असतात, मी ती करत नाही.

इंजेक्टर काढणं

काढायच्या आधी सगळ्यांच्या बुडाशी साचलेली धूळ-वाळू ब्रशने आणि व्हॅक्युमने साफ करा, कारण इंजेक्टर निघाला की ती सरळ पोर्टमध्ये पडणार. चिकटपट्टीवर नंबर लिहून प्रत्येक लाइनला लावा, ९११ मध्ये डावीकडे १-२-३ आणि उजवीकडे ४-५-६.

लाइन सोडवायची असेल तर इंजेक्टर अजून जागेवर बसलेला असतानाच नट सैल करा. दोन पाने लागतात, एकाने इंजेक्टरचा हेक्स घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने लाइनचा नट फिरवायचा. साधा तोंडाचा पाना या नटाचे कोपरे खातो, फ्लेअर नटचा पाना घ्या, तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. हेक्स न धरता फिरवलं तर इंजेक्टर स्लीव्हसकट फिरतो, लाइन पिळवटते आणि मग नवीन लाइनचा खर्च.

बाहेर काढताना हाताने धरून डावी-उजवीकडे फिरवत वर ओढायचा. कडक झालेला ओ-रिंग सोडत नाही, त्याला सिलिकॉन स्प्रे मारून थोडा वेळ द्या. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. काही मॉडेलमध्ये वरून एक छोटी पट्टी असते, ती आधी काढावी लागते. इंजेक्टर निघाला की भोकात लगेच स्वच्छ कापडाचा बोळा कोंबा. आणि किती बोळे कोंबले ते लक्षात ठेवा.

साफ करायच्या आधीची टेस्ट, जी बहुतेक लोक करत नाहीत

हा भाग मला सगळ्यात आवडतो. लाइन जोडलेल्याच ठेवून सहाही इंजेक्टर बाहेर काढायचे आणि प्रत्येकाचं तोंड एकेका काचेच्या मापी सिलेंडरमध्ये सोडायचं, सहाही सिलेंडर एकाच मापाचे आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये उभे. मग इंजिन चालू न करता फक्त पेट्रोल पंप चालवायचा, रिलेच्या जागी जंपर लावून. कुठल्या दोन पिना जोडायच्या ते तुमच्या वर्षाच्या वायरिंग डायग्रॅममध्ये बघा, अंदाजाने लावू नका.

प्लेट जागेवर असताना एकाही इंजेक्टरमधून पेट्रोल यायला नको. येत असेल तर प्लंजर अडकलाय किंवा प्लेटची उंची बिघडलीय, तो इंजेक्टरचा दोष नाही. आता प्लेट हवा वाहते त्या दिशेने हाताने थोडीशी सरकवा. तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा मऊ विरोध जाणवला पाहिजे, मध्येच खरखर किंवा अडकल्यासारखं लागलं तर प्लंजरवर व्हार्निश, म्हणजे जुन्या पेट्रोलचा चिकट थर साचलाय.

सहाही फवारे सुरू होतील. नीट बघा. चांगल्या इंजेक्टरचा फवारा म्हणजे पांढुरका, भरीव, एकसारखा शंकू, काचेच्या कडेला लागताच ओघळून जातो. खराब असेल तर शंकूत मधोमध एक जाड धार दिसते, किंवा फवारा एका बाजूला कलतो, किंवा टोकाला थेंब फुगून पडतो, पुन्हा फुगतो. थेंबवाला लगेच कळतो कारण त्याच्या सिलेंडरात टप टप आवाज येतो आणि बाकीचे नुसते सूं करत असतात.

कुठल्याही एका मापी सिलेंडरात १०० मिलिलिटर झालं की प्लेट सोडा आणि पंप बंद करा. आकडे लिहून घ्या. मी स्वतः सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यात १० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. एकदा प्लेट थोडी उघडून मोजायचं आणि एकदा पूर्ण उघडून, कारण काही दोष फक्त आयडलच्या प्रवाहातच दिसतात.

समजा चार नंबर कमी देतोय. लगेच त्याला दोषी ठरवू नका. चार नंबरचा इंजेक्टर दोनच्या लाइनला लावा, दोनचा चारला, आणि परत मोजा. कमतरता इंजेक्टरबरोबर गेली तर इंजेक्टर चोंदलाय. कमतरता चारच्या लाइनवरच राहिली तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या त्या फटीत किंवा लाइनमध्ये, आणि इंजेक्टर कितीही धुतला तरी उपयोग शून्य. दहा मिनिटांचं काम आहे आणि कितीतरी पैसे वाचवतं.

एक धोक्याची गोष्ट: इंजेक्टर इंजिनमध्ये बसलेले असताना पंप चालवून प्लेट हलवायची नाही. पेट्रोल सरळ सिलेंडरात जाऊन साचतं आणि नंतर स्टार्टर मारला की पिस्टन द्रवाला दाबायला जातो, द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रत्यक्ष साफसफाई

आता बाकावर. तुम्हाला हातपंपाचा टेस्टर लागेल, ज्याचं गेज ० ते ६ किंवा ० ते १० बारचं आहे. भारतात आपल्याकडे नाशिक, पुणे, कोल्हापूर कुठेही डिझेल पंप-नोझलवाल्याकडे नोझल टेस्टर असतोच, नाशिकला तर बॉशचा डिझेल नोझल बनवणारा कारखानाच आहे, त्यामुळे तिथल्या कारागिरांना नोझलचा फवारा बघायची नजर असते. पण त्यांच्या टेस्टरचं गेज डिझेलच्या शेकडो बारसाठी असतं, त्यावर साडेतीन बार म्हणजे काटा हललाय की नाही तेही कळणार नाही. तो टेस्टर वापरायचा तर गेज बदलून कमी रेंजचं लावायचं आणि लाइनच्या नटाला अॅडॅप्टर करून घ्यायचा, लेथवाला करून देतो. बागेतला फवारणीचा पंप वापरायचा जुगाड डोक्यात येतो, पण बहुतेक छोट्या पंपांचा सेफ्टी व्हॉल्व्ह तीन बारच्या आसपासच उघडतो, म्हणजे इंजेक्टर उघडायच्या जरा आधीच दम संपतो.

टेस्टरमध्ये पेट्रोल घालू नका, कॅलिब्रेशन फ्लुइड (इंजेक्टर तपासायचं खास तेल) घाला, नाही मिळालं तर मिनरल टर्पेंटाइन. त्याचंही धुकं पेट घेतं, त्यामुळे मोकळ्या हवेतच.

पहिल्यांदा सगळे ओ-रिंग काढून टाका, ते फेकायचेच आहेत. इंजेक्टर बाहेरून पुसा, टोकाचा काळा थर मऊ नायलॉन ब्रशने घासा. पितळी ब्रश नको, तार नको, सुई तर अजिबातच नको, त्या भोकाची कड थोडी जरी खरवडली तरी फवारा कायमचा वाकडा. मग टोक खाली करून इंजेक्टर क्लीनरमध्ये काही तास बुडवून ठेवा.

अल्ट्रासॉनिक बाथ असेल तर पाण्यातलं डिटर्जंट सोल्युशन, ५० ते ६० डिग्री, १५-२० मिनिटं. त्यात पेट्रोल किंवा थिनर ओतायचं नाही, आग लागते. पण लोक इथे एक गोष्ट विसरतात: हा इंजेक्टर प्रेशर नसताना बंद असतो. नुसता बाथमध्ये टाकून ठेवला तर बाहेरचं टोक लखलखीत होतं आणि आतली सीट, म्हणजे पिन टेकून बंद होते ती जागा, आहे तशीच घाणेरडी राहते. म्हणून बाथमधून काढला की टेस्टरवर लावून फ्लुइड जोरात आरपार मारायचं, परत बाथ, परत टेस्टर. टेस्टरचा दांडा छोट्या छोट्या झटक्यांनी मारा म्हणजे पिन उघडझाप करते आणि सीटवरचा चिकटा सुटतो. पहिल्या फेरीत बाहेर येणारं फ्लुइड एका पांढऱ्या टिश्यूवर घ्या, तपकिरी डाग आणि कधीकधी गंजाचे कण दिसतात. टिश्यू स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. कॉम्प्रेसरच्या हवेने सॉल्व्हंट उडवायचं काम मी टाळतो, सॉल्व्हंटचं हवेत मिसळलेलं धुकं एका ठिणगीची वाट बघत असतं.

आता तीन गोष्टी तपासून प्रत्येकाच्या नावासमोर लिहा. एक, दांडा हळूहळू दाबत न्या आणि कुठल्या प्रेशरला उघडतो ते बघा, सहांमध्ये फार फरक नको. दोन, कान द्या. चांगला इंजेक्टर हळू दाबलं की कर्र्र असा बारीक आवाज करतो, ती पिनची थरथर. आवाज न करता नुसतीच धार सोडणारा इंजेक्टर बाकी सगळं ठीक असलं तरी माझ्या दृष्टीने बाद. तीन, उघडण्याच्या प्रेशरच्या अर्धा बार खाली धरून ठेवा, निदान १५ सेकंद टोकाला थेंब लोंबकळता कामा नये. नुसता ओलसर झाला तर चालतं.

दोन-तीन फेऱ्यांनंतरही सुधारणा नसेल तर सोडून द्या. हा इंजेक्टर उघडून दुरुस्त करायचा प्रकार नाही, आतली जाळी निघत नाही, सीट घासता येत नाही. नवीन मिळतात, आणि एखाद्याच इंजेक्टरवर आठवडाभर झटत बसण्यापेक्षा ते बरं. तीन-चार खराब निघाले तर मी सहाही बदलीन.

पास झालेल्यांतलं पाणी काढायला शेवटी टर्पेंटाइन आरपार मारा आणि टोक झाकून स्वच्छ डब्यात ठेवा.

घाण आली कुठून

इंजेक्टर बाहेर आहेत तोवरच हे काम उरका. जुना फ्युएल फिल्टर काढलात ना, तो फेकू नका. त्यातलं पेट्रोल पूर्ण निथळू द्या, दोन-चार दिवस उघड्यावर वाळू द्या आणि पाइप कटरने गोल कापा. ग्राइंडर लावायचा नाही, ठिणग्या. आतला कागद उलगडून बघा: तांबूस पूड म्हणजे टाकी गंजलीय, काळी भुकटी म्हणजे रबरी होज आतून सुटतायत, शेवाळी चिकट थर म्हणजे पेट्रोल फार दिवस पडून होतं. तिन्ही एकत्रही सापडतं.

९११ ची टाकी पुढे असते आणि तिच्या बुडाला ड्रेनजवळ जाळी असते, ती काढून धुवा. गंज असेल तर टाकी उतरवून साफ करण्याला पर्याय नाही. नवीन फिल्टर बाणाची दिशा बघून लावा. इंजिनच्या बाजूच्या लवचीक होज किती जुन्या आहेत माहीत नसेल तर बदलून टाका, इंजेक्शनसाठीच्या म्हणजे जे३०आर९ मार्किंगवाल्या घ्या, कार्ब्युरेटरची साधी होज या प्रेशरला टिकत नाही आणि पेट्रोल खाली एक्झॉस्टवर पडतं. कितीतरी जुन्या गाड्या अशाच जळाल्यात.

फ्युएल डिस्ट्रिब्युटर मात्र उघडू नका. तो वर उचलताना कंट्रोल प्लंजर खालून सुळकन निसटून पडतो, फरशीवर आपटला की संपला. प्लंजर चिकटलाय याची खात्री असेल तर तो काढून टर्पेंटाइनने पुसून परत घालणं इतपत ठीक, पॉलिश पेपर लावायचा नाही. त्यापुढचं काम रिबिल्ड करणाऱ्याचं.

परत बसवणं

नवे ओ-रिंग, स्लीव्हचे नवे सील, आणि बँजो बोल्ट (ज्यांच्या आतून पेट्रोल जातं ते पोकळ बोल्ट) उघडले असतील तर तिथे नवे तांब्याचे वॉशर. ओ-रिंग थोडा ओला करून इंजेक्टर हाताच्या दाबाने सरळ आत ढकला, बसला की कळतं. हातोडी नाही. लाइनचे नट पहिले दोन-तीन आटे बोटांनीच, मग दोन पान्यांनी. जास्त आवळलं म्हणून सील जास्त चांगलं होत नाही, उलट नटाखालची शंकूसारखी कड दबते.

मग प्लेटला हात न लावता पंप चालवा आणि प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू लावून बघा. ओला झाला तर तिथेच थांबा. सगळं कोरडं असेल तरच स्टार्टर. लाइनमध्ये हवा असते म्हणून सुरुवातीला थोडं खोकेल.

आधी चोरटी हवा होती आणि ती आता बंद झाली असेल तर मिश्रण रिच वाटणार, कारण कोणीतरी पूर्वी लीक झाकायला स्क्रू फिरवून ठेवलेला असतो. डिस्ट्रिब्युटर आणि एअर बूटच्या मधल्या भोकातून लांब ३ मिलिमीटरची अॅलन की आत जाते, घड्याळाच्या दिशेने रिच, उलट लीन. एका वेळी अगदी किंचित, फेरीचा आठवा हिस्सासुद्धा नाही. किल्ली खाली दाबून धरायची नाही, आणि काढल्याशिवाय अॅक्सिलरेटर द्यायचा नाही, दांडा वाकतो. एक्झॉस्टचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर लावूनच करा, कानाने सेट करणारे उस्ताद असतात पण त्यांच्या गाडीमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात.

नंतरची निगा

ही सिस्टिम चालवल्याने टिकते, उभी ठेवल्याने मरते. महिन्यातून एकदा तरी गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करण्यात फायदा नाही. हिवाळ्यात उभी करणार असाल तर टाकी गच्च भरा म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही, स्टॅबिलायझर घाला आणि घातल्यावर थोडी चालवा, नाहीतर तो टाकीतच राहतो आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये जुनंच पेट्रोल. पॉलिइथरअमाइनवाला क्लीनर अधूनमधून टाकीत घालायला हरकत नाही, ताजा चिकटा तो धरू देत नाही, पण चोंदलेला इंजेक्टर त्याने उघडतो या आशेवर राहू नका.

इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते पाणी डिस्ट्रिब्युटरच्या त्या बारीक फटींत गंज आणतं. जर्मनीत २०११ पासून ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) आहे, मी जुन्या गाडीत ते घालत नाही, सुपर प्लस घालतो. भारतात ज्यांच्याकडे के-जेट्रॉनिकवाल्या जुन्या मर्सिडीज आहेत त्यांना पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई२० च मिळतं, त्यांनी रबर पार्ट इथेनॉल सोसणारे लावावेत, फिल्टर लवकर लवकर बदलावा आणि चार-सहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते पेट्रोल ठेवूच नये.

प्लंजर पंपवाल्या जुन्या गाड्या

१९६९ ते ७३ ची ९११ ई-एस, बीएमडब्ल्यू २००२ टीआयआय, मर्सिडीजच्या २३०-२५०-२८० एसएल, यांच्यात पंपच मोजून ठोके मारतो, सतत फवारा नसतो. ९११ च्या त्या इंजेक्टरचं उघडण्याचं प्रेशर १५ ते १८ बारच्या घरात, त्यामुळे वरचं १० बारचं गेज लावलंत तर फुटेल. डिझेलवाल्याचा टेस्टर इथे जास्त जवळचा. साफ करायची पद्धत, सुई न लावण्याचा नियम, ठिबक तपासणं, सगळं तेच, फक्त पंपाला हात लावायचा नाही, त्यातले प्लंजर एकमेकांशी जुळवलेले असतात. ट्रायम्फ टीआर५ आणि टीआर६ ची ल्युकस सिस्टिम आणखी वेगळी, तिथे लाइनमध्ये १०० पीएसआयच्या (साधारण सात बारच्या) आसपास प्रेशर असतं आणि बसवल्यावर प्रत्येक लाइनमधली हवा काढावी लागते, एकेक इंजेक्टर बाहेर ओढून बाटलीत सोडायचा, फवारा सलग यायला लागला की परत आत आणि मग पुढचा.